कवडी, शिवराई आणि कलदार : सातारा-सांगलीच्या बाजारातून दिसणारी ‘देशाच्या चलना’ची गोष्ट

अठराव्या शतकाच्या अखेरीस मिरजेच्या बाजारात वावरणाऱ्या व्यापाऱ्याच्या कमरेच्या कशात दोन धातूंची नाणी असत आणि ती दोन वेगवेगळ्या राजांची नावे सांगत. तांब्याच्या नाण्यावर देवनागरीत एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे. चांदीच्या रुपयावर मात्र फारसी लिपीत दिल्लीच्या बादशहाचे नाव आणि टांकसाळीचे नाव ‘मुर्तजाबाद’. हे मुर्तजाबाद म्हणजेच मिरज. जहागीर पटवर्धनांची, कारभार पेशव्यांचा, गादी साताऱ्याच्या छत्रपतींची आणि रुपया मोगल बादशहाच्या नावाचा!

आजच्या वाचकाला हे विचित्र वाटते, कारण नाण्यावरचे नाव म्हणजे सार्वभौमत्वाची घोषणा, असे आपण गृहीत धरतो. त्या काळच्या सराफाला ते नाव म्हणजे मुख्यतः चांदीच्या कसाची खूण वाटे. मोगली रुपयाची शुद्धता पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या हाताखालून गेलेली होती. म्हणून जो कोणी रुपया पाडी, तो त्याच छापाचा पाडी. ईस्ट इंडिया कंपनीनेही १८३५ पर्यंत आपल्या रुपयांवर शाह आलमचेच नाव चालू ठेवले, आणि हा शाह आलम तर १८०६ मध्येच निधन पावला होता. मृत बादशहाचा छाप जिवंत कंपनीला सोयीचा होता, एवढाच याचा अर्थ.

एका देशात एकच चलन असावे ही कल्पना जगातही फारशी जुनी नाही. अमेरिकेत स्पॅनिश चांदीचे डॉलर १८५७ पर्यंत कायद्याने चालत होते. जपानचा येन १८७१ चा, आणि जर्मनीचा मार्क त्याच वर्षीच्या एकीकरणानंतरचा. मग एखादा पैसा ‘देशाचा’ केव्हा होतो? नाण्यावर शिक्का उमटतो तेव्हा, असे उत्तर सहज सुचते. सातारा-सांगलीचा इतिहास वेगळे उत्तर देतो : सरकारी खजिना त्या पैशाखेरीज दुसरे काही घ्यायचे नाकारतो तेव्हा. आणि त्या नकाराची किंमत प्रत्येक वेळी कोणाला तरी मोजावी लागते. हे नीट समजण्यासाठी आरंभ कवडीपासून करणे बरे, कारण कवडीवर कोणाचेच नाव नसते.

कवडी हे एका लहान सागरी गोगलगायीचे कवच. संस्कृतात ‘कपर्द’, ‘कपर्दिका’ किंवा ‘वराटक’. कपर्दाचे प्राकृतात ‘कवड्ड’ झाले आणि मराठीत कवडी. पैसा म्हणून चालणाऱ्या जातीला लिनियसने १७५८ मध्ये नाव दिले तेही ‘मोनेटा’, म्हणजे लॅटिनमध्ये नाणेच. हिंदी महासागरात तिचे सर्वांत मोठे आगर मालदीव बेटे. आकार जवळजवळ सारखा, झिजत नाही, गंजत नाही, मोजता येते, मापाने तोलताही येते. आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे खोटी कवडी बनवणे खऱ्या कवडीपेक्षा महाग पडते. टांकसाळवाल्यांना हे कधीच पूर्णपणे साधले नाही.

तिला मोल कोठून येते? इब्न बतुता चौदाव्या शतकाच्या मध्यास मालदीवमध्ये राहिला होता. तेथे एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत, भाव पडला तर बारा लाखांपर्यंत. तोच प्रवासी पुढे पश्चिम आफ्रिकेतील माली राज्यात गेला, तेव्हा तेथे एका दिनाराला ११५० कवड्या हा भाव त्याने पाहिला. कवडी तीच, मधले अंतर तेवढे वेगळे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये हेच लहान प्रमाणात नोंदवतो : समुद्राजवळ पैशाला ८० पर्यंत कवड्या, आणि आग्ऱ्याला पोहोचेपर्यंत पन्नास-पंचावन्न. राजाचा हुकूम येथे कोठेच नाही. अंतर हीच कवडीची टांकसाळ होती. (तावेर्नियेच्या नोंदीतली आणखी एक गंमत अशी, की गुजरातेत सुट्या पैशाऐवजी इराणातून येणारे कडू बदाम चालत. कडूच का, याचे कारण उघड आहे : गोड बदाम पैसा म्हणून फार दिवस टिकले नसते.)

दख्खनच्या पठारावर कवडीचा व्याप बंगालइतका कधीच नव्हता; येथला खुर्दा मुख्यतः तांब्याचा. तरीही मराठी भाषा कवडीच्या हिशेबाने भरलेली आहे. वस्तू ‘कवडीमोल’ होते, खिशात ‘फुटकी कवडी’ नसते, कंजूष माणूस ‘कवडीचुंबक’ ठरतो. या शब्दांच्या मागे केवळ अलंकार नाही, प्रत्यक्ष गणित आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’च्या आरंभी नाण्यांचे कोष्टक येते ते असे : २० वराटक म्हणजे १ काकिणी, ४ काकिणी म्हणजे १ पण, १६ पण म्हणजे १ द्रम्म, १६ द्रम्म म्हणजे १ निष्क. म्हणजे एका पणात ८० कवड्या, द्रम्मात १२८० आणि निष्कात २०,४८०. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. तेव्हा हे कोष्टक महाराष्ट्राला परके मानण्याचे कारण नाही. त्यातला ‘द्रम्म’ मात्र मुळात परका, ग्रीक ‘द्राख्मे’ या नाण्यावरून आलेला. त्याच द्रम्माचे पुढे ‘दाम’ झाले आणि दामाची ‘दमडी’. चमडी गेली तरी दमडी जाऊ न देणारा मराठी कंजूष नकळत ग्रीक नाणे धरून बसलेला असतो.

आता सहाशे वर्षे पुढे आणि हजार मैल पूर्वेला, आजच्या बांगलादेशातील सिल्हेटला जाऊ. १७७० च्या दशकाच्या अखेरीस तेथे कंपनीचा अधिकारी म्हणून रॉबर्ट लिंडसे आला, तेव्हा त्या प्रांताचा जवळजवळ सारा वसूल कवड्यांत गोळा होत असे. तेथील हिशेब : ४ कवड्या म्हणजे १ गंडा, २० गंडे म्हणजे १ पण, १६ पण म्हणजे १ काहन, ४ काहन म्हणजे १ रुपया. पणात पुन्हा ८० कवड्या आणि काहनात पुन्हा १२८०. ‘लीलावती’तला द्रम्म नाव बदलून अजून जिवंत होता! रुपयाला ५१२० कवड्या या दराने अडीच लाख रुपयांचा वसूल म्हणजे १२८ कोटी कवड्या. त्या साठवायला कोठारे लागत आणि ढाक्याला न्यायला होड्यांचा ताफा लागे. लिंडसेला हा प्रकार हास्यास्पद वाटला. सिल्हेटच्या शेतकऱ्याला वाटला नाही, कारण त्याच्या गरजा इतक्या लहान होत्या की तांब्याचा पैसादेखील त्यांच्यासाठी मोठा पडे.

कवडीचा वसूल घेणाऱ्यांत मराठेही होते. १७५१ मध्ये ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आला आणि १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत राहिला. त्या काळात तेथला शेतकरी सारा कवड्यांत भरू शकत होता. इंग्रजांचा अंमल येताच काही वर्षांत साऱ्यासाठी चांदीचा सिक्का रुपया मागितला जाऊ लागला. बाजारात कवडीवर कोणी बंदी घातली नव्हती. बदल फक्त कचेरीच्या दारात झाला. पण सारा भरण्याच्या वेळी सर्वांनाच एकदम रुपया हवा झाला, तेव्हा चार काहनांचा जुना दर कोसळला आणि रुपयासाठी कितीतरी अधिक कवड्या मोजाव्या लागू लागल्या. पीक तेवढेच, साराही कागदावर तेवढाच; तरी शेतकऱ्याच्या घरातून जाणारे धान्य वाढले. १८१७ मध्ये खुर्दा भागात बक्षी जगबंधूंच्या नेतृत्वाखाली पाइकांचा उठाव झाला, त्याच्या कारणांत जमिनी हिरावल्या जाणे आणि मिठाचा मक्ता यांच्या जोडीला हे चलनाचे दुखणेही होते. (गावाचे नाव खुर्दा आणि आपला सुट्या पैशाचा खुर्दा यांचा संबंध मात्र केवळ उच्चारापुरता.)

ओडिशात कवडीचे झाले ते सातारा-सांगलीकडे शिवराईचे झाले, मात्र अधिक संथपणे.

शिवराई हे शिवछत्रपतींच्या १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेले तांब्याचे नाणे. ते त्यांच्यानंतरही शंभरहून अधिक वर्षे पाडले जात राहिले. आज संग्राहकांकडे शिवराया पाहिल्या तर ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ अशी अक्षरांची नाना रूपे आढळतात. दोन ओळींच्या मध्ये जोडरेघ असलेली ‘दुदांडी’ शिवराई तर पेशवाईच्या उत्तरकाळातील स्वतंत्र प्रकारच आहे. या विविधतेचे कारण साधे आहे. एक मध्यवर्ती टांकसाळ नव्हतीच. ठरावीक रक्कम सरकारात भरून सोनार वा सावकार परवाना घेत आणि नाणी पाडत. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठेशाहीतील टांकसाळींवर १८९९ मध्ये निबंध वाचला, त्यात पेशव्यांच्या दप्तरातील असे करार आले आहेत. कोकणातील नागोठणे व रेवदंडा येथील तांब्याच्या टांकसाळी अशाच कराराने दिलेल्या होत्या.

चांदीचा गोंधळ याहून मोठा. अंकुशाची खूण असलेला अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, वाईच्या रास्ते घराण्यातील मल्हारराव रास्ते यांच्यावरून ओळखला जाणारा बागलकोटचा मल्हारशाही, निजामाच्या मुलखातला हाली आणि कर्नाटकाकडे सोन्याचे होन. प्रत्येकाचे वजन वेगळे, कस वेगळा, भाव वेगळा. एका रुपयाचा दुसऱ्या रुपयाशी बदल करताना सराफ ‘बट्टा’ कापून घेई. झिजलेल्या नाण्यावर बट्टा, लांबच्या टांकसाळीच्या नाण्यावर बट्टा, कधी नुसत्या संशयावरही बट्टा. लौकिकाला लागणारा बट्टा हा त्याच दुकानातून भाषेत आला. तेव्हा कंपनी सरकारने एकच रुपया आणला ही गोष्ट निव्वळ अन्याय म्हणून सांगणे बरोबर होणार नाही. कऱ्हाडहून मुंबईला माल धाडणाऱ्या व्यापाऱ्याला तिच्यापासून खरोखरच मोठा दिलासा मिळाला.

तो रुपया १८३५ च्या कायद्याने आला. वजन १८० ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन, दर्शनी बाजूस इंग्लंडचा राजा चौथा विल्यम. यंत्रावर पाडलेला, काठाला एकसारखे दाते असलेला हा रुपया लोकांनी ‘कलदार’ म्हणून ओळखला. कळ म्हणजे यंत्र. त्याच वर्षीच्या तांब्याच्या नाण्यांविषयीच्या कायद्यात एक कलम होते, ज्याची चर्चा फारशी होत नाही आणि व्हायला हवी : तांब्याचे नाणे केवळ रुपयाच्या अपूर्णांकापुरतेच देण्याघेण्यास वैध. हिशेबात ६४ पैशांचा एक रुपया होत होता, पण ६४ पैसे पुढे करून एक रुपयाचे देणे फेडण्याचा हक्क कोणालाही नव्हता. तांबे हे स्वतंत्र चलन राहिले नाही. ते चांदीचे हुजरे झाले.

खेड्यात याचा अर्थ काय होतो ते पाहावे. आठवड्याच्या बाजारात ज्वारी, गूळ, मिरची विकणाऱ्या कुणब्याच्या पदरात पडे तो बहुतांशी तांब्याचा खुर्दा. साऱ्याचा हप्ता मात्र चांदीत. मधला पूल सराफाचा. हप्त्याची तारीख साऱ्या तालुक्याला एकच, म्हणजे रुपयाची मागणीही एकाच आठवड्यात. शिवाय १८२० नंतरची दोन दशके दख्खनमध्ये धान्याचे भाव उतरते होते. जेवढा रुपया दुर्मिळ, तेवढे त्यासाठी अधिक धान्य. ओडिशातील कवडीवाल्याचे गणित येथे शिवराईवाल्याच्या वाट्याला आले.

१८४८ मध्ये शहाजी उर्फ अप्पासाहेब महाराज निवर्तले आणि डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. छत्रपतींची गादी गेली; छत्रपतींच्या नावाचे तांबे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही शिवराई बाजारात चालत होती. यात देशाभिमान शोधण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. तांब्याचा सरकारी पैसा गावोगाव पुरेसा पोहोचत नव्हता आणि शिवराई हाताशी होती, हे कारण अधिक पटण्यासारखे आहे. राज्य संपल्यावरही त्याचे नाणे इतकी वर्षे टिकले, हे मात्र राज्य आणि पैसा यांची गाठ आपण समजतो तितकी पक्की नसल्याचेच लक्षण आहे.

कलदार रुपयानेही पुढे आपल्याच धातूची साथ सोडली. १८९३ च्या जूनपर्यंत कोणालाही चांदी टांकसाळीत नेऊन, थोडा आकार भरून, तिचे रुपये पाडून घेता येत. जगात चांदीचा भाव घसरू लागला, विलायतेला सोन्यात पाठवायच्या रकमा सरकारला जड जाऊ लागल्या, आणि सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपयाचा भाव सावरला. चांदीचा पडतच राहिला. शेतकरी घरातली शिल्लक कोठे होती? बायकांच्या तोड्यांत, वाळ्यांत, कमरपट्ट्यांत. कालपर्यंत तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ रुपयाच होती, कारण रुपयाचे वजनच एक तोळा. आता ती नुसती चांदी झाली. तीनच वर्षांनी १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि लागोपाठ १८९९-१९०० चा. दागिने मोडायला निघालेल्या घरांना हा फरक सराफाच्या तराजूवर कळला. दादाभाई नौरोजींसारख्या राष्ट्रीय विचारवंतांनी या धोरणावर टीका केली ती याच मुद्द्यावर. देशाचे चलन कोणाच्या सोयीने चालते, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने राष्ट्राच्या प्रश्नापासून वेगळा नव्हता.

कागदाची कथा थोडक्यात सांगून पुढे जावे. नोटा काढण्याचा एकाधिकार सरकारने १८६१ मध्ये घेतला, पण नोट आपल्या मंडळापुरतीच वैध होती. मुंबई मंडळाची नोट कलकत्त्यात कायद्याने कोणी घेतलीच पाहिजे असे नव्हते. ही बंधने १९०३ ते १९११ या काळात टप्प्याटप्प्याने उठली. आणि औरंगाबाद-लातूरच्या मराठी माणसाचा पैसा तर त्यानंतरही कित्येक वर्षे वेगळाच होता : निजामाचा हाली सिक्का, साधारण सात हालींना सहा कलदार. मराठवाड्यातून तो पुरता जायला १९५० चे दशक उजाडले. इकडे कृष्णाकाठी सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशी संस्थाने शेजारी शेजारी नांदत होती. त्यांची न्यायालये वेगळी, कोर्ट फीचे मुद्रांक वेगळे, औंधने तर १९३९ मध्ये प्रजेच्या हाती सत्ता देणारी घटनाही केली. रुपया मात्र सर्वत्र कलदारच.

या कथेतला सर्वांत बोलका प्रसंग १९४० च्या दशकातला आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचा सांगली जिल्ह्याचा मोठा भाग धरून, प्रतिसरकार उभे राहिले. त्याने इंग्रजांची न्यायालये नाकारली आणि स्वतःची न्यायदान मंडळे चालवली. पोलीस नाकारले आणि तुफान सेना उभारली. पण पैसा? १९४३ मध्ये शेणोली येथे रेल्वे कर्मचाऱ्यांचा पगार नेणारी गाडी लुटली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याजवळ चिमठाणे येथे सरकारी खजिना लुटला गेला. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथ नायकवडी हे या मोहिमेत होते. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम हाती आली आणि ती चळवळीसाठी वापरली गेली. तिच्यावर पाचव्या-सहाव्या जॉर्जची मुद्रा होती. इंग्रजी राज्याची इतर सारी चिन्हे नाकारणाऱ्या सरकारला हे एक चिन्ह नाकारता आले नाही, कारण धान्य, कापड, औषध विकणाऱ्या दुकानात तेच चालत होते. शंभर वर्षांपूर्वी याच मुलखातल्या लोकांनी राजा गेल्यावरही शिवराई चालू ठेवली होती. आता राजा नको असतानाही त्याचा रुपया चालू ठेवावा लागला.

स्वातंत्र्यानंतर १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया हे कोष्टक त्या दिवशी संपले. चार काकिणींचा पण आणि सोळा पणांचा द्रम्म या ‘लीलावती’तील मांडणीशी त्याचे साम्य लपत नाही, म्हणजे निदान आठशे वर्षांची मोजणी एका तारखेला थांबली. चवली, पावली, अधेली हे शब्द काही काळ नव्या नाण्यांना चिकटून राहिले. शाळेतली पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी मात्र हळूहळू निरुपयोगी झाली. ते अपूर्णांकांचे पाढे ज्या बाजारासाठी पाठ करायचे, तो बाजारच दशमान झाला. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची नाणीही वैध राहिली नाहीत.

कवडी खजिन्यातून गेली तरी देवळातून गेली नाही. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या आणि भुत्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ आजही असते, जतच्या यल्लमाच्या यात्रेतही ती दिसते, आणि सारीपाटाचे दान पडते तेही कवड्यांवरच.

अलीकडे महाराष्ट्रासह देशाच्या अनेक भागांत दुकानदार दहा रुपयांचे नाणे घेईनासे झाले. नाणी निरनिराळ्या छापांची, त्यामुळे कोणते खरे आणि कोणते खोटे असा संशय पसरला. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये खुलासा करावा लागला, की दहा रुपयांच्या नाण्याचे तोपर्यंत निघालेले चौदाही छाप वैध आहेत. त्यानंतरही कित्येक ठिकाणी ते नाणे बँकेच्या खिडकीत चालत होते आणि भाजीच्या पाटीवर चालत नव्हते.